पाण्याची खाण : उत्तर बोहेमियातील स्त्राझ येथील युरेनियम-निक्षालनाचा इतिहास

१. विषयप्रवेश

खाणीचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी सहजच जमिनीच्या पोटात उतरलेल्या विवरांकडे, त्यांत राबणाऱ्या माणसांकडे आणि वर साठत गेलेल्या दगडमातीच्या ढिगांकडे वळते. किती खडक फोडला, किती धातू हाती आला आणि खाण केव्हा ओस पडली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत खाणीचे चरित्र बहुधा संपते. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातू मिळविण्याची अशी एक रीत रूढ झाली की, तिच्यात खडक जागचा हलत नाही, माणूस भूगर्भात उतरत नाही आणि खड्डाही पडत नाही. जमिनीत विहिरी विंधून त्यांतून द्रावक सोडावयाचा, त्याने खडकातील धातू विरघळवावयाचा आणि तो विद्राव शेजारच्या विहिरींतून उपसून घ्यावयाचा, अशी ही रीत होय. तिला ‘स्वस्थानी निक्षालन’ असे म्हणता येईल. आज जगातील युरेनियमचे निम्म्याहून अधिक उत्पादन याच रीतीने होते. २००९ पासून या उत्पादनात अग्रस्थानी असलेल्या कझाकस्तानचे तर बहुतेक सर्व युरेनियम असेच मिळते.

या रीतीच्या इतिहासात उत्तर बोहेमियातील स्त्राझ पॉड राल्स्केम या गावानजीकच्या खाणीस एक वेगळे स्थान आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे प्रयोगास आरंभ झाला आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबविण्यात आले. खाण मात्र त्यानंतरही बंद झाली नाही, किंबहुना बंद करता आली नाही. असे का व्हावे, हा या निबंधाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर धातूच्या हिशेबात सापडत नाही. ते त्या खडकातील पाण्याच्या दाबात शोधावे लागते.

२. पूर्वपीठिका

बोहेमियाचा युरेनियमशी संबंध जुना आहे. १७८९ मध्ये क्लाप्रोथ याने पिचब्लेंड या खनिजातून या मूलद्रव्याचा शोध लावला. पुढे १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने ज्या खनिजाच्या अवशेषांतून पोलोनियम व रेडियम यांचा शोध लावला, ते खनिज बोहेमियातील याखिमोव येथलेच होते. तेव्हा युरेनियमला काचेस व चिनी मातीच्या भांड्यांस रंग देण्यापलीकडे फारसे मोल नव्हते. दुसऱ्या महायुद्धाने ही स्थिती समूळ पालटली. नोव्हेंबर १९४५ मध्ये चेकोस्लोव्हाकिया व सोव्हिएट संघ यांच्यात झालेल्या करारान्वये तेथील युरेनियम सोव्हिएट संघास पुरविण्याचे ठरले. पुढील काही वर्षांत याखिमोवच्या खाणींत राजकीय बंद्यांनाही कामास जुंपण्यात आले, आणि त्या गावाचे नाव चेक जनतेच्या स्मृतीत एका कटू अर्थाने कोरले गेले.

याखिमोव काय किंवा त्यानंतर महत्त्वास चढलेले प्रिब्राम काय, या दोन्ही ठिकाणी युरेनियम कठीण खडकांतील शिरांमध्ये होते. शिरा खोल जात, अरुंद असत व कालांतराने संपत. १९६० च्या दशकाच्या आरंभी याखिमोवचे काम आवरले गेले. त्याच सुमारास उत्तर बोहेमियातील राल्स्को टेकडीच्या आसपास, मऊ व पाण्याने भरलेल्या वालुकाश्मात, युरेनियमचे विस्तृत साठे आढळले. जुन्या खाणकऱ्यांच्या अनुभवास हा खडक सर्वस्वी अपरिचित होता.

३. भूरचना

राल्स्कोभोवतीचा प्रदेश बोहेमियाच्या क्रिटेशस द्रोणीत मोडतो. तळाशी जुने स्फटिकी खडक आहेत. त्यांवर सुमारे १० ते ९.४ कोटी वर्षांपूर्वीच्या सिनोमेनियन काळातील वालुकाश्म पसरलेला आहे. त्याच्या वर ट्युरोनियन काळाच्या आरंभी साचलेल्या सूक्ष्मकणी गाळाचा, पाणी सहसा पार होऊ न देणारा थर येतो. त्याहूनही वर ट्युरोनियन वालुकाश्म असून तो भूपृष्ठापर्यंत पोहोचतो.

या रचनेत एकावर एक असे दोन जलधर स्तर आहेत, ही गोष्ट पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे. वरच्या ट्युरोनियन वालुकाश्मात उत्तम पिण्याचे पाणी आहे व त्यावर आसपासची वस्ती अवलंबून आहे. खालच्या सिनोमेनियन वालुकाश्मातील पाणी वरच्या अपार्य थराखाली कोंडलेले असल्यामुळे दाबाखाली असते. त्यात विहीर विंधली की पाणी आपोआप वर चढते. युरेनियम आहे ते या खालच्या स्तराच्या तळाशी, भूपृष्ठापासून सुमारे २०० मीटर खोलीवर. दोन स्तरांमधील अपार्य थर सर्वत्र सारखा जाड किंवा अखंड नाही. लुसेशियन विभंग व त्याच्याशी संबंधित भेगा यांनी हा सारा प्रदेश कापला गेला असून, कित्येक ठिकाणी ज्वालामुखीजन्य खडकांनीही त्यात शिरकाव केला आहे.

साठ्याचे दुसरे वैशिष्ट्य त्याच्या खनिजांत आहे. येथील युरेनियमचा काही भाग झिर्कोनियमयुक्त खनिजांशी जखडलेला आहे. त्यामुळे तो सहजासहजी विरघळत नाही. मवाळ द्रावकाने भागण्यासारखे येथे नव्हते, तीव्र आम्ल व दीर्घ काळ या दोहोंची गरज होती.

४. निक्षालनाची क्रिया

युरेनियम निसर्गात मुख्यतः दोन अवस्थांत आढळते. चतुःसंयुजी अवस्थेत ते पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असते, तर ऑक्सिडीकरण होऊन षट्‌संयुजी झाले की सहज विरघळते. वालुकाश्मातील साठे बनतात तेच मुळी या गुणामुळे. ऑक्सिजनयुक्त भूजल युरेनियम वाहून आणते, आणि सेंद्रिय द्रव्य किंवा पायराइट असलेल्या भागात शिरले की त्यातील ऑक्सिजन संपून युरेनियम खाली बसते. स्वस्थानी निक्षालन म्हणजे निसर्गाने केलेली ही क्रिया उलट दिशेने चालविणे होय.

ती चालविण्याचे दोन मार्ग आहेत. खडकात चुनखडीचा अंश अधिक असेल तर आम्ल त्यातच खर्ची पडते. म्हणून अशा ठिकाणी बायकार्बोनेट व ऑक्सिजन मिसळलेले अल्कधर्मी पाणी वापरतात. अमेरिकेत पुढे हाच मार्ग रूढ झाला. चुनखडी अल्प असेल तेथे सौम्य गंधकाम्ल अधिक वेगाने काम करते. सोव्हिएट संघात व त्याच्या प्रभावाखालील देशांत हा दुसरा मार्ग प्रचलित होता, आणि स्त्राझ येथेही तोच स्वीकारला गेला.

तेथे आम्ल सोडण्याच्या व विद्राव उपसण्याच्या विहिरींच्या ओळी आखीव पद्धतीने विंधल्या गेल्या. वरच्या ट्युरोनियन स्तरातून जाताना विहिरीच्या नळीभोवतीची पोकळी पक्की बुजविणे अत्यावश्यक होते. ती सैल राहिली, तर प्रत्येक विहीर हीच दोन जलधर स्तरांना जोडणारी वाट ठरणार होती. उपसलेला विद्राव वर आणून आयन-विनिमय करणाऱ्या रेझिनमधून सोडीत. युरेनियम रेझिनवर अडकून राही. मग ते नत्राम्लाच्या साह्याने सोडवून घेत व अमोनियाने त्याचा पिवळा साका पाडीत. युरेनियम काढून घेतलेल्या विद्रावात पुन्हा आम्ल मिसळून तो जमिनीत परत सोडला जाई.

हे चक्र वरवर पाहता बंदिस्त दिसते, परंतु त्यात दोन गोष्टी सतत साठत जातात. एक तर आम्ल केवळ युरेनियमपाशी थांबत नाही. ते मातकट खनिजे व फेल्डस्पार यांवरही क्रिया करते आणि ॲल्युमिनियम, लोह इत्यादी धातू विद्रावात उतरतात. दुसरे म्हणजे, वरच्या कारखान्यात वापरलेल्या नत्राम्लाचे व अमोनियाचे अवशेष प्रत्येक फेरीत भूगर्भात जातात. खाणीचा विद्राव अशा रीतीने वर्षानुवर्षे जड होत जातो.

हा विद्राव आखलेल्या क्षेत्रातच राहावा यासाठी खडकात कोणतीही भिंत नसते. त्याला रोखणारे साधन एकच, ते म्हणजे पाण्याचा दाब. जितके सोडावयाचे त्याहून किंचित अधिक उपसावयाचे, म्हणजे सभोवारचे पाणी आत येते व विद्राव बाहेर जात नाही. हा तोल सुटला की खाणीची सीमाच सुटते. निक्षालन ही पाण्याच्या दाबाचे नियमन करण्याची कला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

५. एका खडकात दोन खाणी

स्त्राझचा इतिहास इतरांहून निराळा झाला तो येथे. त्याच साठ्याच्या शेजारच्या भागात, हमर या गावी, १९७० च्या दशकात भुयारी खाणही सुरू झाली. या दोन्ही खाणी एकाच शासकीय यंत्रणेच्या होत्या, एकाच योजनेखाली चालत आणि एकाच सिनोमेनियन स्तरात होत्या. परंतु त्यांच्या गरजा परस्परविरुद्ध होत्या.

भुयारी खाणीत माणसांना सुरक्षितपणे काम करावयाचे तर पाण्याने भरलेला वालुकाश्म आधी कोरडा करावा लागतो. त्यासाठी हमर येथे पाणी अखंड उपसले जात होते व सिनोमेनियन स्तरातील दाब खाली येत होता. निक्षालनाला मात्र खडक पूर्ण भिजलेला हवा असतो. तेथे पाण्याचा दाब टिकवावा लागे, आणि आम्ल सोडणाऱ्या विहिरींभोवती तो वाढतही असे. एका बाजूस उंच दाब व दुसऱ्या बाजूस खोल उतार अशी स्थिती झाल्यावर आम्लाचा ओघ कोणत्या दिशेने जाणार, हे सांगण्यास भूजलशास्त्रज्ञाची गरज नव्हती. तो उताराकडे, म्हणजे हमरच्या भुयारांकडे जाणार होता.

त्यावर योजलेला उपाय मोठा कल्पक, तितकाच खर्चिक होता. दोन खाणींच्या मधोमध विहिरींची रांग उभारून तिच्यातून पाणी जमिनीत दाबले जाऊ लागले. या पाण्याने निर्माण केलेला उंच दाब हाच दोन खाणींमधला बांध होय. भुयारी खाण कोरडी ठेवण्यासाठी एकीकडे पाणी उपसावयाचे आणि तिला आम्लापासून वाचविण्यासाठी दुसरीकडे पाणी भरावयाचे, असा हा व्यवहार होता. बांधाने भुयारांचे रक्षण बऱ्याच अंशी केले. परंतु अडविलेला विद्राव नाहीसा होत नाही. तो इतर दिशांना पसरला, आणि जेथे सिनोमेनियन स्तरातील दाब ट्युरोनियनमधील दाबाहून अधिक झाला, तेथे सदोष विहिरी व भेगा यांच्या वाटेने वरही चढला.

अमेरिकेतील समकालीन उदाहरण येथे उद्‌बोधक ठरते. वायोमिंग राज्यातील शर्ली बेसिन येथे यूटा कन्स्ट्रक्शन या कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी गंधकाम्लाने निक्षालन करण्याचे प्रयोग केले. तेथेही खडक वालुकाश्मच होता, आणि भुयारी खाणीत पाण्याचा प्रचंड त्रास होता. परंतु १९६३ पासून तेथे निक्षालनाने भुयारी खाणीची जागा घेतली व त्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते चालले. पुढे उघड्या खाणीचा मार्ग पत्करल्यावर निक्षालन आटोपते घेण्यात आले. रीती बदलल्या त्या एकीमागून एक. स्त्राझ येथे दोन रीती एकाच वेळी शेजारी शेजारी चालल्या, आणि त्यांच्यातील संघर्षाची किंमत खडकातील पाण्याने भरली.

असे का घडले, याचे उत्तर अज्ञानात शोधणे योग्य होणार नाही. दोन जलधर स्तरांची रचना भूशास्त्रज्ञांस ठाऊक होती. मधला बांध उभारला गेला हाच त्याचा पुरावा होय. खरे कारण नियोजनाच्या मोजमापात आहे. योजनेचे यश युरेनियमच्या टनांत मोजले जात होते. भुयारी खाण अधिक टन देत होती आणि निक्षालन तुलनेने कमी मजुरांत अधिक टन देत होते. तेव्हा दोन्ही चालविणे हेच त्या मोजमापानुसार तर्कशुद्ध ठरत होते. सिनोमेनियन स्तरातील पाण्याला त्या हिशेबात रकानाच नव्हता. १९८१ मध्ये शासनाने उत्तर बोहेमियाच्या क्रिटेशस प्रदेशास नैसर्गिक जलसंचयाचे संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित केले. त्याच प्रदेशात त्याच शासनाची निक्षालन-क्षेत्रे त्यानंतरही चालूच राहिली. एका खात्याच्या दप्तरात पाणी ही संपत्ती होती, तर दुसऱ्याच्या दप्तरात ते केवळ आम्ल वाहून नेणारे साधन होते.

६. हिशेब

जवळजवळ तीन दशकांत स्त्राझ येथे निक्षालनाने सुमारे १५,००० टन युरेनियम मिळाले. निक्षालन-क्षेत्रे सहा चौरस किलोमीटरांहून अधिक जागेवर पसरली होती व त्यांत सात हजारांहून अधिक विहिरी होत्या. या काळात भूगर्भात सुमारे ४० लाख टन गंधकाम्ल सोडले गेले. त्याखेरीज ३ लाख टनांहून अधिक नत्राम्ल, १ लाख टनांहून अधिक अमोनिया आणि सुमारे २५,००० टन हायड्रोफ्लुओरिक आम्ल यांचीही भर पडली.

या आकड्यांचा परस्परसंबंध पाहण्याजोगा आहे. दर टन युरेनियमामागे सुमारे २७० टन गंधकाम्ल, असे हे प्रमाण पडते. कझाकस्तानातील आम्ल-निक्षालनात ते सामान्यतः काही दशक टनांच्या घरात असते. या तफावतीचा काही भाग स्त्राझच्या खनिजांच्या हट्टीपणाने, तर काही भाग क्षेत्राबाहेर पसरलेल्या आम्लाने स्पष्ट होतो. सिनोमेनियन स्तरात सुमारे १९ कोटी घनमीटर पाणी दूषित झाले. ते वीस चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्राखाली पसरलेले असून त्यात विरघळलेल्या पदार्थांचे वजन ५० लाख टनांच्या जवळपास होते. क्षेत्रांच्या मध्यभागी दर लिटर पाण्यात कित्येक दशक ग्रॅम क्षार होते. वरच्या ट्युरोनियन स्तरातील दूषण याहून पुष्कळ कमी, परंतु ते पिण्याच्या पाण्यात असल्यामुळे अधिक चिंतेचे होते.

७. उलटे चक्र

१९८९ च्या राजकीय परिवर्तनाने युरेनियमच्या उत्पादनामागचे कारणच उरले नाही. सोव्हिएट संघाची मागणी संपली, जागतिक बाजारात भाव कोसळले होते, आणि इतके दिवस गुप्त राहिलेली माहिती सार्वजनिक चर्चेत आली. हमरची भुयारी खाण १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात थांबली. निक्षालन काही वर्षे मर्यादित स्वरूपात चालविण्यात आले व १९९६ मध्ये शासकीय निर्णयाने ते संपुष्टात आले.

येथे या रीतीचा एक अंगभूत धर्म प्रकट झाला. भुयारी खाण बंद करावयाची तर माणसे बाहेर काढून पंप थांबविता येतात, पाणी भुयारे भरून टाकते. निक्षालनाच्या खाणीत पंप थांबविणे म्हणजे खाण बंद करणे नव्हे, तर ती मोकळी सोडणे होय. उपसा थांबला असता, तर सिनोमेनियन स्तरातील दाब हळूहळू वाढून दूषित पाणी वरच्या स्तराकडे चढू लागले असते. म्हणून उत्पादन थांबले तरी उपसा चालू ठेवणे भाग पडले. आता त्याचा हेतू खालचा दाब वरच्या दाबाहून सतत कमी राखणे हा होता. ज्या विहिरींनी आम्ल पसरविले, त्यांपैकीच अनेकींच्या आधारे ते परत काढून घेण्याचे काम सुरू झाले.

दियामो या शासकीय संस्थेकडे हे काम सोपविण्यात आले. तीव्र विद्राव बाष्पीभवन केंद्रात आटवून त्यातून अमोनियम तुरटी काढण्यात येऊ लागली. खडकातून विरघळलेले ॲल्युमिनियम, आम्लातील सल्फेट आणि कारखान्यातील अमोनिया हे तिन्ही या तुरटीत एकत्र येतात. खाणीच्या तीस वर्षांच्या रसायनक्रियेचे सारच त्या स्फटिकांत सापडते. सौम्य विद्रावासाठी पुढे उदासीनीकरणाची केंद्रे उभारली गेली. तेथे चुन्याच्या साह्याने आम्ल मारून धातूंचा साका पाडला जातो व तो गाळ खाणीच्या जुन्या गाळतलावात साठविला जातो.

हे काम किती काळ चालणार? २००० नंतरच्या योजनांनी त्याची मुदत २०३० च्या दशकात दूरवर नेऊन ठेवली. म्हणजे दूषण निर्माण होण्यास जितका काळ लागला, त्याहून अधिक काळ ते आवरण्यास लागणार. शिवाय ध्येय पाणी मूळ स्थितीस आणणे हे नाही, कारण तसे करणे शक्य नाही. सिनोमेनियन स्तरातील उरलेले क्षार ट्युरोनियन स्तरास पुन्हा कधी धोका पोहोचविणार नाहीत, इतपत पातळी गाठणे हेच उद्दिष्ट आहे. उपसलेल्या पाण्यातून थोडे युरेनियम अजूनही निघते. २०१७ मध्ये रोझ्ना येथील भुयारी खाण थांबल्यानंतर चेक प्रजासत्ताकाचे युरेनियम-उत्पादन म्हणून जे अल्पसे उरले, ते मुख्यतः या शुद्धीकरणातून आलेले होय. ज्या धातूसाठी पाणी खर्ची घातले, तोच आता पाणी शुद्ध करण्याचे उपफळ म्हणून हाती येतो.

८. उपसंहार

स्त्राझच्या उदाहरणावरून स्वस्थानी निक्षालन ही रीतच त्याज्य ठरविणे न्याय्य होणार नाही. भुयारी खाणीच्या तुलनेत ती माणसाला खडकाच्या धुळीपासून व रेडॉन वायूपासून दूर ठेवते. याखिमोवच्या खाणकऱ्यांना झालेला फुप्फुसाचा कर्करोग ज्यांनी अभ्यासला आहे, ते या लाभास क्षुल्लक मानणार नाहीत. जेथे साठा वर-खाली भक्कम अपार्य थरांनी बंदिस्त आहे, मूळचे पाणी पिण्यायोग्य नाही आणि सोडलेल्याहून अधिक उपसण्याची शिस्त पाळली जाते, तेथे ही रीत पुष्कळ सौम्य ठरू शकते. स्त्राझ येथे यांपैकी पहिल्या अटीस भेगांनी छेद दिला, आणि तिसरीस शेजारच्या भुयारी खाणीने.

इतिहासाच्या अभ्यासकास मात्र यातून पद्धतीविषयीही काही शिकावयाचे आहे. अशा खाणीचा इतिहास केवळ उत्पादनाच्या तक्त्यांवरून लिहिला, तर तो १९९६ मध्ये संपतो आणि यशस्वी वाटतो. तोच निरीक्षण-विहिरींतील पातळ्यांच्या नोंदी, पाण्याच्या पृथक्करणाचे अहवाल आणि विंधणकामाच्या वह्या यांवरून लिहिला, तर १९९६ हे वर्ष त्याच्या मध्याशी कोठेतरी येते. दोन्ही प्रकारची साधने एकाच खाणीची आहेत, परंतु पहिली योजनेने स्वतःसाठी ठेवली होती आणि दुसरी खडकाने तिला ठेवावयास लावली. या दोहोंतील अंतर हाच स्त्राझच्या इतिहासाचा खरा विषय आहे, आणि तेथील पंप चालू आहेत तोवर त्या इतिहासावर शेवटची रेघ ओढता येणार नाही.